गाठ बघितली का?

आमच्या घरात चिकन आणायचं काम माझ्याकडे आहे. सुभाषराव, म्हणजे माझे मिस्टर, खातात चवीनं, पण दुकानात गेले की पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात. रक्त दिसलं की त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. आमची लेक प्रज्ञा सिझेरियननं झाली, तेव्हा सिस्टरनं बाळ आणून दाखवलं आणि हे तिथंच बाकड्यावर आडवे झाले. औरंगपुऱ्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथं बोट कापलं तर पट्टी बांधायला भागीदार सलीमभाई लागतात. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आजारपणातला सगळ्यात वाईट काळ त्या गाठीनं नाही आणला, नवऱ्याच्या या सवयीनं आणला.

माझ्या लिव्हरवरची गाठ दुर्बिणीतून काढली. आता मी बरी आहे, शाळेत जाते, पोरांवर ओरडते. पण कुणाच्या तरी काकूला, कुणाच्या मेव्हण्याला असंच काही निघतं आणि मला फोन येतो, "मॅडम, तुमचं झालंय ना तसलं? लई दुखतं का हो?" दरवेळी तेच सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. औषधांची नावं मात्र मला विचारू नका, ती डॉक्टरांना विचारा.

बरोबर कोण आहे?

उजव्या बरगडीखाली जड जड वाटायचं. मी ते ॲसिडिटीच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. तिसरीच्या वर्गाला दिवसभर शिकवणाऱ्या बाईला ॲसिडिटी नसेल तरच नवल. शेवटी प्रज्ञानं पुण्याहून फोनवर भांडून भांडून सोनोग्राफी करायला लावली.

क्रांती चौकाजवळच्या सेंटरमध्ये गेलो. डॉक्टर आधी छान गप्पा मारत होते, कुठल्या शाळेत, किती पोरं वगैरे. मग गप्प झाले. ते यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरायला लागलं. "श्वास घ्या. धरा. सोडा. परत घ्या." आणि मग ते वाक्य आलं, जे ऐकल्यावर कुणालाही काय ते कळतं, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

मी पोटावरचं जेल पुसत होते तेवढ्यात सुभाषराव डॉक्टरांशी बोलून बाहेरही आले. बाहेर गाड्यांचा हा गोंगाट. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही गं. जराशी सूज आहे."

त्यांचा हात मानेच्या मागं गेला होता. लग्नापासून मला हे माहीत आहे. खोटं बोलताना हा माणूस मान चोळतो. तशी वर्गातल्या पोरांची खोटी पोटदुखीसुद्धा मला लांबून ओळखू येते, हे तर घरचंच गिऱ्हाईक.

"मानेवरचा हात खाली घ्या आणि सांगा."

त्यांनी हात खाली घेतला. डोळे भरले होते. "गाठ आहे म्हणाले. लिव्हरवर. सीटी स्कॅन करा म्हणाले. मी त्यांना म्हणलो, तिला नका सांगू."

मला राग आला, फार राग आला. गाठ माझी, पोट माझं आणि सांगू नका कुणाला, तर मला. आपल्याकडे हे सर्रास चालतं. माझ्या आईच्या वेळी आम्हीही तिला काही कळू दिलं नव्हतं आणि ती आमच्या चेहऱ्यांवरून सगळं वाचत बसायची. स्कूटरपाशी उभी राहून मी त्यांच्याकडून शब्द घेतला. जे असेल ते, कितीही वाईट असलं तरी, मला खरं सांगायचं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. शेजारी एक रिक्षावाला कौतुकानं बघत होता.

लिव्हर म्हटल्यावर

लिव्हर हा शब्द शाळेत पोचला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांचा चेहरा कसनुसा झाला. एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊ घेतात का हो?"

"अहो, लिव्हर माझं आहे," मी म्हटलं.

यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी अजून विसरले नाही. आता सांगते, मी आयुष्यात उसाच्या रसापलीकडे काही प्यायले नाही. रक्त तपासलं तेव्हा कळलं की कावीळ करणारा एक विषाणू माझ्या अंगात कित्येक वर्षं गुपचूप राहत होता. कधी डोळे पिवळे झाले नाहीत, कधी काही नाही. घरातल्या बाकीच्यांचंही रक्त तपासलं. सुभाषरावांनी सुई टोचून घेताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर लावली होती. त्यांचं आणि प्रज्ञाचं रक्त चांगलं निघालं, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

सर्जन तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी कागदावर पोट काढलं, त्यावर ठिपके दिले. गाठ लिव्हरच्या डाव्या कडेला आहे, सोयीची आहे, दुर्बिणीतून काढता येईल, बाकी लिव्हर चांगलं आहे, असं काय काय सांगितलं. आणि मधेच म्हणाले, "कॅन्सर असण्याची शक्यता आहे. काढून तपासल्यावर नक्की कळेल." त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. ते पेन फिरवत समजावत राहिले आणि मी मान हलवत राहिले. शेवटच्या बाकावरची पोरं फळ्याकडे बघून हलवतात, तशी. सुभाषरावांचंही तेच. आम्ही दोघं बाहेर आलो आणि कुणालाच काही आठवेना. तुम्ही जाल तेव्हा तिसरं माणूस बरोबर न्या, ज्याचं डोकं ठिकाणावर असेल.

ऑपरेशन

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही पुंडलिकनगरच्या घरातून निघालो तेव्हा सुभाषरावांच्या आत्या गावाहून येऊन बसल्या होत्या. आत्याबाईंनी मला शेजारी बसवून बुद्धवंदना म्हटली. आवाज कापत होता, पण एक शब्द चुकला नाही. मग माझ्या गालांवरून हात फिरवून म्हणाल्या, "जा पोरी. भिऊ नको. मी हाय इथं."

सलीमभाई आधीच दवाखान्यात पोचून रक्त देऊन बसले होते. हातावर कापसाचा बोळा दाबून म्हणाले, "भाभी, टेन्शन नक्को लेव. अब मेरा खून है, थोडा गुस्सा कम आयेगा तुमको." मी हसले. स्ट्रेचरवर हसत आत गेलेली बाई म्हणून तिथल्या सिस्टरनं मला लक्षात ठेवलं.

आत थंडी फार असते. कुणीतरी पायांवर गरम पांघरूण टाकलं, त्या न दिसलेल्या हातांचे मी अजून आभार मानते. मग काही नाही. मग एकदम कुणीतरी हाका मारतंय, "रेखाताई, डोळे उघडा."

शुद्धीवर आल्यावर सुभाषरावांना दोन मिनिटं आत सोडलं. माझा घसा कोरडा पडला होता. मी विचारलं, "काढली?"

"काढली. पूर्ण काढली म्हणाले."

आपल्याकडे काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. ऑपरेशन थिएटरच्या दारात बोलावतात, ट्रेमध्ये ठेवून दाखवतात. म्हणून मी विचारलं, "बघितली का?"

"बघितली की," ते म्हणाले आणि मान चोळायला लागले.

गुंगीत होते, तरी ते मला दिसलं.

गॅस पास झाला का?

पुढचे दिवस या एका प्रश्नाभोवती गेले. सिस्टर विचारायची, डॉक्टर विचारायचे, झाडायला येणाऱ्या मावशी विचारायच्या. मुख्याध्यापकांनी फोन केला, त्यांनीही घाबरत घाबरत विचारलं. अखेर ती घटना घडली तेव्हा आमच्या खोलीत दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला. दोन घोट चहा मिळाला. तसा चहा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

दुखतं का, तर दुखतं. पोटापेक्षा खांदा जास्त दुखला. दुर्बिणीसाठी पोटात हवा भरतात, तिचा तो प्रताप. कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी घाबरले, हृदयाचं काही निघालं की काय म्हणून. चालायला मात्र लगेच लावतात. एका हातात नळीची पिशवी, दुसरा हात पुण्याहून आलेल्या प्रज्ञाच्या खांद्यावर आणि कासवाच्या चालीनं मी कॉरिडॉरभर फिरायचे. प्लास्टिकच्या डबीतले गोळे श्वासानं वर उचलायचे, हा एक व्यायाम. त्यात माझा पहिला गोळाच हलेना. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांचे सगळे वर जायचे आणि ते माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघायचे.

सगळ्यांनी जीव लावला. सलीमभाईंच्या बेगमनी पाठवलेलं सूप मी डोळे मिटून प्यायले. सर्जन रोज यायचे, पोट दाबून बघायचे, "छान झालंय ऑपरेशन" म्हणायचे आणि जायचे. पण त्यांना "तिला नका सांगू" असं कुणी सांगून ठेवलं असेल तर ते दुसरं काय म्हणणार? हा विचार तेव्हाच आला होता. मी तो दाबून टाकला.

बोराएवढी, लिंबाएवढी

घरी आले. आत्याबाईंनी माझी पाठ पुसून दिली, तेव्हा त्यांनी पोट पाहिलं. चार-पाच चिकटपट्ट्या, एकेक बोटाच्या पेराएवढी. एक लांबट पट्टी खाली होती, सिझेरियनच्या जुन्या जागेवर. ती साडीच्या निऱ्यांखाली झाकलेली होती. ती मी आत्याबाईंना दाखवली नाही, लाज वाटली. मलाही वाटत होतं की जुने टाके ताणले गेले असतील म्हणून लावली असेल. विचारायचं सुचलंच नाही.

"एवढंच?" आत्याबाई म्हणाल्या.

दुपारी मी पडले होते. स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू आलं. आत्याबाई प्रज्ञाला सांगत होत्या, "आमच्या गावातली कडूबाई व्हती ना, तिचं असंच झालतं. पोट उघडलं, बघितलं, काय करण्यासारखं नाय म्हणून तसंच शिवून टाकलं. अन् तिला म्हणले, काढली गाठ. एवढ्याशा भोकातून गाठ निघती व्हय गं? सुभाषला इचार, त्यानं बघितली का."

"बघितली म्हणाले पप्पा. बोराएवढी होती म्हणाले."

"मला तर लिंबाएवढी म्हणला."

मी छताकडे बघत राहिले. कारण आदल्याच दिवशी सुभाषरावांना फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं, "चांगली मोसंबीएवढी होती हो."

आणि माझ्यासमोर गाठीचा विषय निघाला की दरवेळी हात मानेवर.

मला कळलं की हा माणूस खोटं बोलतोय. यात माझी चूक होणं शक्य नव्हतं. आणि मला दिलेला शब्द मोडून खोटं बोलतोय, म्हणजे खरं तेवढंच भयंकर असलं पाहिजे. माझ्या पोटात गाठ तशीच आहे. उघडून, बघून, बंद करून मला घरी पाठवलंय. दवाखान्याच्या कागदावर गाठ काढली असं लिहिलं होतं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. पण कडूबाईंच्या कागदावरही तसंच लिहिलं असेल, असं वाटायचं.

त्यानंतर जे सुरू झालं ते आठवलं की आताही छातीत कळ येते. सगळे माझ्याशी गोड वागायला लागले. प्रज्ञानं रजा वाढवली. आत्याबाई न मागता धिरडी करून आणायच्या आणि मी खाताना पदरानं डोळे पुसायच्या. टीव्हीचा रिमोट माझ्या उशाशी आला. मी मुद्दाम भाजीला नावं ठेवली, तर सुभाषराव म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आमच्या घरात हे वाक्य कधीच कुणी उच्चारलेलं नाही. कुणी भांडेना, तेव्हा माझी खात्री पटली.

मी एकटीच रडायचे. प्रज्ञाचं लग्न मी बघणार नाही, हे एकदा मनाशी ठरवून टाकलं आणि मग वाटीतली खीर मला गिळवेना. वाईट मरणाचं वाटत होतंच. पण त्याहून वाईट हे वाटत होतं की ज्याच्याजवळ मी मन मोकळं करायचं, तोच समोर बसून मला फसवतोय. आणि त्याला मी विचारूही शकत नव्हते, कारण त्यानं मान चोळली असती तर मी तिथंच संपले असते.

तपासणी

रिपोर्ट घ्यायला आणि टाके दाखवायला दवाखान्यात गेलो. प्रज्ञाही आत आली. सर्जननी टाके पाहिले, खुर्चीत बसले, फाइल उघडली. मी त्यांना बोलूच दिलं नाही.

"डॉक्टर, गाठ काढली की नाही, खरं सांगा. मी तिसरीची पोरं सांभाळते, मला खोटं लगेच कळतं. यांनी तुम्हाला काही सांगून ठेवलं असेल तर ते विसरा."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "काढली की. पूर्ण काढली. सुभाषरावांना दाखवली मी स्वतः, दारात."

आम्ही तिघं सुभाषरावांकडे वळलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हात मानेपर्यंत गेला आणि मधेच थांबला.

"मी डोळे मिटले होते," ते म्हणाले.

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

"डॉक्टरसाहेबांनी ट्रे पुढं केला. मला त्याच्यावर लाल दिसलं अन् मी डोळे मिटले. हो हो म्हणलो. नंतर तू शुद्धीवर आल्या आल्या तेच विचारलं. आता काय सांगू? तू एवढं सगळं सोसून आली, अन् मला नुसतं बघणंसुद्धा झालं नाही? लाज वाटली, रेखा. मग जो विचारील त्याला काहीतरी सांगत गेलो. अन् आत्या कडूबाईचं सांगायला लागली, तवा मलाच भ्या वाटायला लागलं. मी बघितलीच नव्हती ना. खरंच काढली का नाही, मला तरी कुठं माहीत?"

म्हणजे हा माणूसही इतके दिवस एकटाच रडत होता. माझ्या बाजूच्या उशीवर. मला त्यांना एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं, पण समोर डॉक्टर होते.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी आधी रिपोर्ट सांगितला. कॅन्सर होता. सुरुवातीचा होता. गाठीच्या कडेनं काढलेला भाग स्वच्छ निघाला. विषाणूवरची गोळी चालू ठेवायची, दर काही महिन्यांनी तपासायला यायचं. कॅन्सर हा शब्द ऐकून हायसं वाटलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. रिपोर्ट आहे म्हणजे गाठ बाहेर आहे, एवढंच मला कळत होतं.

मग ते म्हणाले, "दुर्बिणीचं एक बरं असतं. सगळं रेकॉर्ड होतं. बघायचंय?"

"मला बघायचंय," मी म्हटलं. "यांना बाहेर बसू द्या."

"नाही," सुभाषराव म्हणाले. "मी बघणार."

त्यांनी खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवली. प्रज्ञानं पाण्याची बाटली उघडून तयार ठेवली. कॉम्प्युटरवर माझं लिव्हर दिसलं. तपकिरी, ओलं, चकाकणारं. त्याच्या कडेला ती बसली होती, फिकट, फुगलेली. बारीक चिमटे येत होते, हळूहळू काम करत होते. सुभाषरावांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. कपाळावर घाम होता, ओठ दाबलेले होते, पण डोळे उघडे होते.

गाठ सुटली. चिमट्यानं एक छोटी प्लास्टिकची पिशवी आत उघडली, गाठ तिच्यात गेली, तोंड बंद झालं.

"आता ही एवढ्याशा भोकातून कशी निघाली?" मी आत्याबाईंचा प्रश्न विचारला.

"त्या भोकांतून नाही. तुमची सिझेरियनची जुनी जागा होती ना, खाली, तिथून काढली. नवीन मोठा छेद नको म्हणून. मी आधी चित्र काढून सांगितलं होतं."

सांगितलं असणारच. आम्ही दोघं तेव्हा मान हलवत होतो. म्हणून म्हणते, कुठून काय काढणार आहेत हे पुन्हा विचारा, दहादा विचारा आणि दारात बघायला कुणाला पाठवायचं ते आधी ठरवा. पाठवलेल्या माणसानं डोळे उघडे ठेवले होते का, तेही विचारा.

प्रज्ञा हळूच म्हणाली, "म्हणजे मम्मी, मी निघाले तिथूनच ती गेली."

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले.

फोन

बाहेर पार्किंगमध्ये आलो तर आत्याबाईंचा फोन. त्या सकाळपासून दारात बसून होत्या. सुभाषरावांनी स्पीकर लावला.

"सुभाष, काय झालं रं? खरं सांग."

"काढली आत्या. पूर्ण काढली."

"तू बघितली का?"

"बघितली. आत्ता बघितली, टीव्हीसारखी. त्या दिवशी नव्हती बघितली, तुला खोटं सांगितलं."

पलीकडून आत्याबाईंचा रडवेला आवाज, "अरे मुडद्या! लई जीव घेतला आमचा. केवढी व्हती मग?"

"लिंबापरीस मोठी, मोसंबीपरीस बारीक. फिकट रंगाची. एका बाजूनं जरा चपटी. पिशवीत घालून काढली बघ, प्रज्ञा झाली तिथून."

मी त्यांच्या मानेकडे बघत होते. तिथं हात नव्हता. एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात, भर पार्किंगमध्ये, त्यांनी माझा हात धरला होता.